वाघजाईचा उजवा खांदा आणि दोन मीटरं

गेणबातात्यांचा आवाज काढणं सोपं आहे. हनुवटी छातीला टेकवायची, घशात भाताचं तूस अडकल्यासारखं दोनदा खाकरायचं आणि तिसऱ्या खाकरीच्या पोटातूनच वाक्य बाहेर काढायचं. शेवटी "तर काय!" लावायचं. "ऊन लई हाय, तर काय!" "पोरगी दिली जांब्याला, तर काय!" एवढं जमलं की आमच्या उंबरटेकातली निम्मी कुत्री शेपूट हलवत येतात, कारण तात्यांच्या खिशात कायम भाकरीचा तुकडा असतो.

शरदअण्णांचा आवाज त्यामानानं अवघड. पूर्ण नाव शरदचंद्र, तात्यांचे चुलतभाऊ. पुण्यात छत्तीस वर्षं कचेरीत काढली आणि परत आले ते तीन एसी, एक घरघंटी आणि इस्त्री केलेली भाषा घेऊन. त्यांच्यासारखं बोलायचं तर नाक छपराकडं करायचं, "हे पहा" म्हणायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मग म्हणायचं, "मुद्दा असा आहे." मुद्दा नसला तरी चालतं.

या दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण एकच, वाघजाईच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा.

त्याचं असं की दोघांच्या आजोबांना बायका दोन. थोरलीला मूल झालं उशिरा, धाकटीला झालं आधी. खांद्याचा मान थोरल्या घराचा. आता थोरलं घर कुठलं? थोरलीच्या धाकट्याचं की धाकटीच्या थोरल्याचं? तात्या थोरलीचे, अण्णा धाकटीचे. गावानं दोन्ही बाजू इतक्यांदा ऐकल्यात की बालवाडीतली पोरंसुद्धा हा वाद पाठ म्हणतात. तात्यांनी खांद्याला हात लावला की अण्णा पालखीपुढं आडवे होणार, अण्णांनी लावला की तात्या. शेवटी तोडगा असा निघाला, की त्या खांद्याला मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर लावायचा. अकरा वर्षं देवीचा सगळ्यात मोठा मान खाकी शर्टाकडं. एक वर्ष तर ड्रायव्हर परभणीचा होता, त्याला वाघजाई कोण हेही ठाऊक नव्हतं. पालखी त्यानं गिअर टाकल्यासारखी नेली.

यंदा फाल्गुनात यात्रेची बैठक बसली. सरपंच शुभांगीताई त्याच आठवड्यात वीज बचतीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांनी पंचायतीच्या भिंतीवर "वीज वाचवा" असं लिहून घेतलं होतं आणि ते लोकांना नीट दिसावं म्हणून त्यावर हॅलोजन सोडला होता. तो दिवसाही चालू असे. गावात कुणी एक बटण बंद केलं असेल तर शपथ.

बैठकीत नेहमीप्रमाणे खांदा निघाला. तात्या खाकरले, अण्णांनी नाक वर केलं. दोन तास झाले. शुभांगीताई बैठकीत बोलताना एक विशेष आवाज लावतात, माइक नसताना माइक असल्याचा. त्या आवाजात त्या ओरडल्या, "उपस्थित बंधूंनो आणि भगिनींनो! आता बास! येत्या तीस दिवसांत ज्याच्या मीटरवर कमी युनिट पडतील, खांदा त्याचा!"

बहुतेक त्यांना स्वतःलाही धक्का बसला असावा.

"हे पहा," अण्णा म्हणाले. एक, दोन, तीन. "मुद्दा असा आहे, की हा सरळसरळ पक्षपात आहे. गेणबाकडे आहे काय जाळायला?"

"आमच्याकडं काय न्हाई ते आमी बघू," तात्या म्हणाले. "पर तीन एशीवाल्याला वाऱ्याबिगर जमायचं न्हाई. घाम पुसाया टावेल लागंल, तर काय!"

लोक हसले. तिथंच अण्णांचा घात झाला. "जमवून दाखवतो!" ते म्हणाले. आणि अण्णांचा शब्द म्हणजे शब्द.

वायरमन कैलासनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दोन्ही मीटरांचे आकडे टिपले आणि गाव दोन महिन्यांचं मनोरंजन एका महिन्यात मिळणार म्हणून खूश झालं.

तात्यांनी पहिल्याच दिवशी फ्रिजचं दार उघडं टाकून आत कांदे भरले. टीव्ही गोधडीत गुंडाळून भाताच्या कणगीत पुरला. त्यांच्या बायकोनं, धोंडाकाकूंनी, मिक्सर माळ्यावर टाकून पाटा-वरवंटा धुतला. "आवं, पर दिवेलागणीला तरी उजेड पायजे का नको? लक्षुमी काय ठेचकाळत यील घरात?" एवढं त्यांनी विचारलं, तेव्हा अंगणात एक बारका बल्ब मंजूर झाला. संध्याकाळी लागायचा, जेवणं उरकली की बंद.

अण्णांनी तिन्ही एसींना चादरी घातल्या. दुपार झाली की ते पौडला जीपनं जायचे आणि बँकेत हातात एक कोरा फॉर्म घेऊन एसीखाली चार वाजेपर्यंत बसायचे. शिपायानं विचारलं, "काका, काम काय?" तर "हे पहा" म्हणायचे आणि तीनऐवजी तीनशेपर्यंत मोजायचे. सकाळी मोटरीनं पाणी चढवलं की मेन स्विचच बंद, म्हणून घरात सुनेनं, अपेक्षावहिनींनी, बॅटरीच्या उजेडात भाजी चिरली तेव्हा कोथिंबिरीत चहाचं गाळणं गेलं, असं म्हणतात.

आठव्या दिवशी कैलासच्या बोलण्यावरून अण्णांना कळलं, की तात्या पुढं आहेत. मग त्यांनी भावकीतलं सगळ्यात जुनं हत्यार काढलं. पाहुणा.

पाहुण्याला आमच्याकडं नाही म्हणत नाहीत. त्यातून तो मुलीचा सासरा असला तर त्यानं चंद्र मागितला तरी "बसा, धुऊन आणतो" म्हणायचं. अण्णांनी तात्यांच्या लेकीच्या, सायलीच्या, सासऱ्याला जांब्याला फोन लावला. "मुद्दा असा आहे, की गेणबा तुमची फार आठवण काढतो. आठ-पंधरा दिवस येऊन राहा."

इवाई, म्हणजे व्याही, आले. जांब्याला त्यांच्या चाळीस खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, त्यामुळं अंग सुखावलेलं. त्यांचं प्रत्येक वाक्य "आमच्या जांब्याला" असं सुरू होतं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात दोन मोबाइल, दोन्हींची बॅटरी संपत आलेली.

"आमच्या जांब्याला येवढं उकडत न्हाई, इवाई. पंखा लावा की जरा."

तात्यांनी वर बघितलं. धोंडाकाकूंनी सकाळीच पंख्याच्या पात्यावर मूठभर गवत ठेवलं होतं. "चिमणी बसलीया इवाई, आंड्यावर. फिरीवला तर पाप कुनाला? तुमालाच."

इवाई दचकले. "नको नको. मग टीव्ही लावा. म्याच हाय आज."

"टीव्ही मयत झाला," धोंडाकाकू म्हणाल्या. आणि सूप घेऊन त्यांना वारा घालायला बसल्या. भात पाखडणाऱ्या बाईचा हात तो, इवायांचे केस पहिल्याच फटक्यात मागं गेले.

पण म्याच? पाहुण्यानं तोंडानं मागितलेली म्याच नाकारायची कशी? तात्या उठले, पायात चप्पल सरकवली आणि एसटी थांब्यावरच्या हॉटेलाकडं पळाले. तिथल्या टीव्हीवर एक ओव्हर बघितली, पळत परत आले आणि अंगणात उभं राहून सहाच्या सहा बॉल करून दाखवले.

"ह्यो आला! टांगा बगा, करकोच्यावानी. टाकला! त्यो दुसरा गडी असा वाकला, जसा उसाच्या सरीला पानी दावतूया. हानला! गेला, गेला… कुटं गेला ते दिसाया न्हाई, मानसं आडवी आली. पर अंपायरनं असं दोन्ही हात वर केले, तर काय!"

"शिक्सर!" इवाई ओरडले.

"थांबा, फुडची ओव्हर घिऊन येतो." आणि तात्या परत पळाले.

सदुसष्ट वर्षांचा माणूस त्या संध्याकाळी हॉटेल ते अंगण वीस वेळा पळाला. ज्या ओव्हरा चुकल्या त्या त्यांनी मनानं टाकल्या. त्या जास्त चांगल्या होत्या. एका ओव्हरीत म्हैस मैदानात शिरली आणि कॅच म्हशीनं घेतला. इवायांनी जांब्याला फोन करून सांगितलं, "आमच्या जांब्याला आसली म्याच दिसत न्हाई रे."

दुसऱ्या दिवशी शेजारचे दहा जण आले. तिसऱ्या दिवशी पस्तीस. पाचव्या दिवशी लोक टीव्ही बंद करून, घराला कडी घालून, ताटं झाकून घेऊन तात्यांच्या अंगणात. सातव्या दिवशी हॉटेलवाल्यानंही टीव्ही बंद केला आणि किटली घेऊन आला. मग तात्यांना पळायची गरजच उरली नाही. सगळीच म्याच मनानं. बायकांनी सांगितलं, की मधनं जाहिराती पण करा. तात्यांनी साबणाची जाहिरात अशी केली की धोंडाकाकू लाजून आत गेल्या.

शुभांगीताई रोज येऊन माणसं मोजत आणि प्रत्येक माणसामागं किती दिवे बंद असतील याचा अंदाज वहीत लिहीत. त्यांच्या भिंतीवरचा हॅलोजन मात्र तसाच. तो बंद केला तर "वीज वाचवा" वाचणार कोण?

आणि या गर्दीत, पहिल्या रांगेत, कुणालाही न विचारता, अपेक्षावहिनी आणि त्यांची दोन पोरं. सकाळी पाट्यावर वाटण वाटायला यायच्या त्या रात्रीची भाकरी खाऊनच जायच्या. अण्णांचा मुलगा कामावरून परस्पर तिथंच. मागं घरात अण्णा एकटे, बनियनवर, वर्तमानपत्रानं वारा घेत.

पंचविसाव्या दिवशी कैलासनं तात्यांना गोठ्याआड गाठलं. कैलास गुपित सांगताना ओठ न हलवता बोलतो, त्यामुळं त्याची सगळी वाक्यं जांभईसारखी येतात.

"तात्या, सांगू नये. पर तुमचं सात झालंय. अन् अण्णांचं सहा."

"सहा?" तात्यांचा आवाज खाकरल्याशिवाय निघाला, म्हणजे बघा. "माझं सात कशानं?"

"अंगणातला बल्ब. लोक उठतच न्हाईत. अन् इवायांचे दोन मोबाइल."

"आन् त्याचं सहा?"

"त्यांच्या घरात हाय कोण जाळायला? सगळी तुमच्याकडं."

तात्यांनी हिशेब बोटांवर मोजून बघितला. अकरा वर्षांचा वैरी आणि त्याला जिंकवतोय कोण? आपलीच म्याच. आता अपेक्षावहिनींना घरी जा म्हणावं? तोंडच उचललं नसतं. आल्या माणसाला जा म्हणणारा उंबरटेकात अजून जन्मायचाय.

त्यांनी एक उपाय करून बघितला. त्या संध्याकाळी तिसऱ्याच ओव्हरीला ते म्हणाले, "पाऊस आला. खेळ बंद. जावा आपापल्या घरी."

कुणी हललं नाही.

"आवो, पाऊस हाय! धो धो! मैदानावर ताडपत्री टाकली."

"मग थांबतो की," पहिल्या रांगेतून अपेक्षावहिनी म्हणाल्या. "उघडंल."

चैत्रातलं कोरडं ठाक आभाळ, आणि सव्वाशे माणसं पाऊस उघडायची वाट बघत बसली. दोघांनी डोक्यावर घोंगडी घेतली. इवाई दर पाच मिनिटांनी विचारत, "कमी झाला का?" शेवटी तात्यांनाच दया आली. "झाला," ते म्हणाले, आणि बल्बाखाली पुन्हा उभे राहिले.

मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. "चला," ते म्हणाले. धोंडाकाकूंनी पाच किलो तांदूळ आणि चार किलो ज्वारी डोक्यावर घेतली, इवायांनी टॉवेल घेतला, आणि तिघं अण्णांच्या दारात उभे राहिले.

अकरा वर्षांनी. बाहेर रस्त्यावर माणसं थिजली.

"शरद, हायेस का घरात?"

अण्णांनी दार उघडलं. एक, दोन, तीन. त्यांना सगळं कळलं. मोजून होईपर्यंतच कळलं. पण पाहुण्याला आत घेतलं नाही हे उद्या पौडपासून जांब्यापर्यंत पसरलं असतं.

"या," ते म्हणाले. "आपण बाहेर आंब्याखाली बसूया का? छान सावली आहे."

"नगं. तितं मुंग्या हायेत." तात्या सोफ्यावर बसले. "लई उकडतंया. तुझ्याकडं वाऱ्याचं काय हाय का? का इकलं?"

"विकायला काय झालं?"

"न्हाई, गावात बोलत्यात. मेन स्विच बंद, चादरी घातल्यात म्हनं. म्हटलं, ल्योक कर्जात हाय का काय."

"आमच्या जांब्याला," इवाई घाम पुसत म्हणाले, "भाडेकरूंच्या खोल्यांत बी एशी हायेत. भाडेकरूंच्या! अन् अण्णा, तुमीच न्हवं का फोन करून बोलिवलं मला? म्हटलं जाताना तुमचा बी पावनचार घ्यावा."

अण्णांचं नाक हळूहळू वर गेलं. छपराला टेकणार असं वाटलं. मग त्यांनी जाऊन खटकन मेन स्विच चढवला आणि तिन्ही चादरी ओढून काढल्या. "हे पहा. हा दिवाणखान्यातला. हा आतला. आणि हा, ज्याची गरज नाही, तोही चालू करतो. आमच्याकडे काही कमी नाही."

"पानी गार हाय का?"

"फ्रिज लावतो!"

"इवायांना आंघुळीला कढत लागतं."

"गिझर लावतो!"

"भावजी," धोंडाकाकू पदर सावरत म्हणाल्या, "तुमची ती घरघंटी कशी असती म्या बगितलीच न्हाई कवा. नऊ किलोच दळान हाय."

घरघंटी घरघरायला लागली. भिंतीवरच्या मीटरचा तांबडा ठिपका आधी डोळा मारल्यासारखा मिचकायचा, तो आता ताप भरल्यासारखा थडथडू लागला. अण्णा त्याच्याकडं बघत होते. तात्याही बघत होते. मग एसीचा गार वारा दोघांच्या मानेवर आला. महिनाभर उकडून निघालेली दोन म्हातारी माणसं. एकानं बँकेत चोरून वारा खाल्लेला, एकानं तोही नाही. अण्णांचे डोळे मिटले. तात्यांची हनुवटी छातीला टेकलीच होती, ती तशीच राहिली. दोघंही संध्याकाळपर्यंत घोरले, एकाच सोफ्यावर. इवायांनी तोवर तीनदा आंघोळ केली.

मोजणीला देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. कैलासनं सगळ्यांदेखत आकडे वाचले. "गेणबा, नऊ. शरदचंद्र, छत्तीस."

"हे पहा!" अण्णा उठले. "पाहुणचाराची युनिटं वजा करावीत. ती माझी नाहीत."

"मंग इवायांचे मोबाइल माझ्यातून काड!" तात्या म्हणाले. "अन् अंगणातला बल्ब! तुझीच सून बसली व्हती खाली!"

"उपस्थित बंधूंनो," शुभांगीताई म्हणाल्या, "मीटरला पाहुणा ओळखू येत नाही. उजवा खांदा गेणबातात्यांचा." आणि खाली बसता बसता साध्या आवाजात, "अन् सगळ्या गावाचं युनिट निम्म्यावर आलंय, हे कुणाला ऐकायचंय का?" कुणालाच नव्हतं. गुलाल उडाला होता.

यात्रेच्या दिवशी तात्यांनी खांदा धरला. अकरा वर्षांची हौस होती. पालखी उठली आणि तात्यांचा चेहरा बदलला. लाकडी पालखी, वर पितळेचा मुखवटा, नारळांची माळ. एसटीचे ड्रायव्हर तिशी-पस्तिशीतले असायचे. मारुतीच्या पारापर्यंत तात्या कसेबसे पोचले, आणि तिथं त्यांचा गुडघा कर्रकन वाजला. ढोलवाल्यांना ऐकू गेला.

खांदा बदलायचा तर रीत अशी, की मानकऱ्यानं स्वतः नाव घेऊन माणूस बोलवायचा. दुसरं कुणी पुढं यायचं नाही. ढोल थांबले. सगळं गाव तात्यांच्या तोंडाकडं बघायला लागलं. जावई होता, पण त्याची उंची सहा फूट. त्यानं धरला की देवी मागच्या दोघांच्या अंगावर. इवाई होते, पण ते यात्रेला आलेल्या कोळवणच्या फार्महाऊसवाल्यांना जांब्याच्या खोल्या सांगत होते. कैलास बुटका. तात्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. उंबरटेकात त्यांच्या खांद्याला खांदा लावून मोजला तर बरोबर तेवढाच भरेल असा माणूस एकच होता, आणि तो पाराशेजारच्या आंब्याच्या बुंध्याला टेकून, हाताची घडी घालून, नाक वर करून उभा होता.

तात्या दोनदा खाकरले. तिसऱ्यांदा खाकरले. वाक्य काही निघेना.

"शरद," शेवटी ते म्हणाले.

अण्णा हलले नाहीत. एक. दोन. तीन. "काय म्हणालास? ऐकू आलं नाही."

"ये म्हनलं हिकडं! गुडगा गेलाय!"

अण्णा आले. खाली वाकून दांड्याखाली खांदा घातला. दांडा एका खांद्यावरून दुसऱ्यावर सरकला, देवी जराही कलली नाही.

"वजन तुजं," तात्या दांड्यावरचा हात न काढता म्हणाले. "मान माजा."

"मुद्दा असा आहे," अण्णा धापा टाकत म्हणाले, "की खांदा ज्याच्यावर आहे, मान त्याचा असतो."

"थोरलीचं घर हाय माजं!"

"थोरला मुलगा धाकटीचा होता!"

ढोल पुन्हा सुरू झाले. पालखी वेशीकडं निघाली, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यावर एक म्हातारा दांडा वाहत होता, दुसरा लंगडत त्याच दांड्याला धरून चालला होता. दोघंही इतक्या जोरात भांडत होते की वाघजाईच्या आरतीची वेळ झाली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.